दादांची वेलिका

असल्या बुवा-महाराजांच्या नादी भोळी माणसं लागतात, असं म्हणणाऱ्यांनी आमच्या वेलिकाला मिरच्या घेताना बघायला हवं होतं. सप्टेंबरात लाल मिरच्यांचे ट्रक आमच्या इमारतीसमोर उभे राहायचे. बाकीच्या बायका वरची चार फळं दाबून बघायच्या आणि पोतं उचलायच्या. वेलिका अख्खं पोतं फुटपाथवर ओतायला लावायची. ट्रकवाला कुरकुरला की म्हणायची, "वरून टवटवीत आणि खाली सडकं! बायकोलाही असंच फसवून आणलंस का रे?" सगळी गल्ली हसायची, ट्रकवालासुद्धा, आणि सडकं काढून चांगलं घालून द्यायचा.

आमचे दरवाजे समोरासमोर, तिसऱ्या मजल्यावर. डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात आम्ही एकाच पट्ट्यावर टोमॅटो निवडत उभ्या राहिलो ते कारखान्याला कुलूप लागेपर्यंत. तिथे एकदा पक्षाचे कुणी मोठे साहेब जेवणाच्या सुट्टीत भाषण ठोकत होते. सुट्टी संपत आली तरी गडी थांबेना. वेलिका उठून म्हणाली, "साहेब, उरलेलं भाषण आम्हाला डब्यात भरून द्या, हिवाळ्यात काढून खाऊ." अशी ही बाई. देवाला घाबरत नव्हती, पक्षाला घाबरत नव्हती, आणि नवरा त्सांको तर तिला घाबरायचा. तो बस चालवायचा. बोलणं कमी, सोंगट्या खेळणं जास्त. मुलगा प्लामेन सैन्यातून सुटला आणि कामासाठी ग्रीसला गेला. तिथल्या लारिसा शहरात एका बेकरीत लागला. आमच्या गावातून डॅन्यूब वाहते आणि पोरं वाहतात, दोन्ही परत येत नाहीत.

त्सांको जानेवारीत गेला. गॅरेजमध्ये आपल्या जुन्या मोस्कविचखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. जेवायला आला नाही म्हणून वेलिका खाली गेली तर पाय गाडीबाहेर आणि हातात पाना.

मग आम्ही सगळं रीतसर केलं. शोकपत्रक छापून आणलं. काळी चौकट, त्सांकोचा टोपीतला फोटो, खाली बसचालक, आणि मागे राहिलेले: पत्नी वेलिका, मुलगा प्लामेन. घराच्या दारावर एक, इमारतीच्या दारावर एक, बसथांब्यावर एक, त्याच्या जुन्या गल्लीतल्या झाडावर एक. चाळिसाव्या दिवशी पुन्हा नवं. सहा महिन्यांनी नवं, वर्षाने नवं. आमच्याकडे हे असंच असतं, आणि एकदा लावलेलं पत्रक कुणी काढत नाही. ऊनपावसाने गळून पडेल तेव्हा पडेल. पोरं गेल्यापासून आमच्या बसथांब्यावर जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांचे चेहरेच जास्त असतात.

चाळिसाव्याला आम्ही कबरीवर मेणबत्त्या लावल्या, साखर घातलेला उकडलेला गहू वाटला आणि घरी आलो. लोक पांगले. प्लामेन सकाळीच ग्रीसच्या बसमध्ये बसला होता, त्याला रजा नव्हती. मी वेलिकाच्या स्वयंपाकघरात पेले धूत होते. तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक माणूस. पन्नाशीचा, ब्रश मारलेला ओव्हरकोट, हातात मेणबत्ती आणि रुमालात बांधलेला गरम पाव. आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. ती त्याची युक्ती होती हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

"वेलिकाताई, मी मेतोदी. त्सांकोसाठी मेणबत्ती लावायला आलोय."

"तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"नाही. पण संध्याकाळची शेवटची बस आली की तुम्ही अजून उठून गॅसकडे जाता. हो ना?"

वेलिका मटकन खुर्चीवर बसली. ओला पेला माझ्या हातात तसाच राहिला. तो बोलत राहिला. "प्लामेन फोनवर सांगतो, मी मजेत आहे. तुम्ही सांगता, मी मजेत आहे. दोघंही खोटं बोलता. एकमेकांना जपायला." आणि ती रडली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. दफनाच्या वेळीसुद्धा ती कबर खणणाऱ्यांवर ओरडत होती, खड्डा वाकडा म्हणून. आता या परक्या माणसाचा ओव्हरकोट धरून ती लहान पोरीसारखी रडत होती.

तो फार थांबला नाही. कॉफी घेतली नाही, पैसे तर नाहीच नाही. तो गेल्यावर मी कचरा टाकायला खाली उतरले आणि इमारतीच्या दारासमोर उभी राहिले. तिथे त्सांकोची टोपी, तिथे बसचालक, तिथे वेलिका, तिथे प्लामेन, आणि वर मोठ्या अक्षरांत चाळीस दिवस. हाताच्या काकणाला आरसा कशाला! मी धापा टाकत परत वर गेले.

"अगं, त्याने खाली वाचलंय सगळं! आपणच आपलं दुःख दारावर चिकटवतो, नावागावासकट. तो फक्त जिना चढला."

"प्लामेन लांब आहे हे खाली लिहिलंय का?"

"आपल्या गावात कुणाचा मुलगा जवळ आहे, वेलिका?"

"आणि गॅसचं?"

"बसवाल्याची बायको शेवटच्या बसनंतर काय करणार? घोड्यावर बसणार?"

तिने माझ्याकडे बघितलं. "बरं. खाली वाचलं. या जिन्यावरच्या प्रत्येकाने ते वाचलंय, गिन्का. जिना चढून आत कोण आलं?"

मी रोज येत होते. पण मी यायचे ते कामं घेऊन, सूप घेऊन, पेन्शनच्या कटकटी घेऊन. तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं आणि राग आला. अजून येतो. कारण तो माणूस लबाड होता आणि तरीही त्या एका बाबतीत ती बरोबर होती.

"मला साहेब म्हणू नका, फादर म्हणू नका, दादा म्हणा," असं हा मेतोदी सगळ्यांना सांगायचा. पूर्वी कुठल्याशा गावी मुलांना अकॉर्डियन शिकवायचा म्हणे. आमच्याकडे येऊन त्याने सांस्कृतिक भवनातली मागची खोली घेतली होती आणि दर गुरुवारी तिथे दहा-बारा जण जमायचे. नंतर माझ्या लक्षात आलं की त्या दहा-बारांतल्या प्रत्येकाच्या दारावर गेल्या वर्षात काळी चौकट लागली होती.

पहिल्यांदा त्याने वेलिकाकडे काय मागितलं असेल? काही नाही. दारामागच्या खुंटीवरचा त्सांकोचा कोट खाली घ्यायला सांगितला. मी तेच सांगून थकले होते, प्लामेनही सांगून गेला होता, आणि तिने आम्हा दोघांना झिडकारलं होतं. दादा म्हणाले तेव्हा तिने तो काढला, घडी घातली, पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "गिन्का, काल मला झोप लागली गं." मलाही बरं वाटलं. कसं नाही वाटणार? माणूस जर पहिल्यापासून वाईटच सांगत असता तर पहिल्याच दिवशी त्याला झाडूने हाकललं असतं आम्ही.

मग कोट गेला तशी कॉफी गेली. सकाळची कॉफी आम्ही दोघी एकत्र प्यायचो, आज माझ्याकडे, उद्या तिच्याकडे, आणि रिकामे पेले बशीत उपडे घालून एकमेकींचं भविष्य सांगायचो. माझ्या पेल्यात तिला नेहमी टकला नवरा दिसायचा. एका सकाळी मी कॉफीचं भांडं घेऊन दार वाजवलं तर तिने साखळी न काढताच दार उघडलं.

"आठवडाभर नको गं. दादा म्हणतात, सकाळचा पहिला शब्द स्वतःशी बोलावा."

"आणि दुसरा?"

"दुसरापण."

"मग मी तिसऱ्याला येते."

ती हसली. आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला, चोरी पकडली गेल्यासारखा. इतकी वर्षं मी या बाईला ओळखते. चर्चमध्ये पाद्री पाय घसरून पडला तेव्हाही तिने हसू दाबलं नव्हतं. त्या फटीतून मला तिचा तो हात दिसत राहिला. आठवडा संपला, पण कॉफी काही परत सुरू झाली नाही.

मी एकदा गेले त्या गुरुवारी. गोगलगाय आणि पोटात पाय असं हे प्रकरण आहे, तर पाय मोजून यावेत म्हणून गेले. खोलीत फरशीच्या तेलाचा वास. गोल मांडलेल्या खुर्च्या. वेलिका माझ्याकडे पाहून जेमतेम हसली. आमच्या औषधांच्या दुकानातल्या स्नेझानाबाईही होत्या. शिकलेली, नेटकी बाई, मुलगी गेलेली. तिथे ते त्याला 'उघडणं' म्हणायचे. एकेकाने उठायचं आणि ज्याची आपल्याला सगळ्यात जास्त लाज वाटते ते सांगायचं. एक म्हातारा उठला आणि म्हणाला, बायको मरत होती तेव्हा मी शेजारच्या खोलीत फुटबॉल बघत होतो. सगळे एका आवाजात म्हणाले, "आम्ही ऐकलं." मेतोदीने त्याला मिठी मारली. म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला की जणू त्याच्या पाठीवरून कुणी पोतं उतरवलं.

मग मेतोदी माझ्याकडे वळला. मी हाताची घडी घालून बसले होते.

"गिन्काताई, तुम्ही सगळ्यांवर चिडता. तुमच्यावर कुणी शेवटचं कधी प्रेमाने चिडलं होतं?"

माझा नवरा मला सोडून गेला त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.  सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि इतक्या मायेने की काय सांगू. तोंड उघडलं असतं तर मी सगळंच बोलले असते. मी उठले आणि कोटाची बटणं न लावताच बाहेर पडले. थंडीने दात वाजत होते. मला खरा राग येतो तो याचा, की मला बरं वाटलं होतं. त्यानंतरचा गुरुवार उजाडला तेव्हा माझे पाय आपोआप त्या बाजूला वळत होते. मी मुद्दाम बहिणीच्या गावी निघून गेले.

वेलिका अशी पळाली नाही. ती दर गुरुवारी तिथे जातच राहिली, आणि दिवसेंदिवस तिचं बाकी सगळं आटत गेलं. ते लोक एकमेकांना पहाटे फोन करून उठवायचे, जागं राहण्यासाठी. समोरच्या दारामागून मला तिच्या फोनची घंटा ऐकू यायची. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. एकदा जिन्यात रडत बसलेली सापडली. मी घाबरून विचारलं, काय झालं, प्लामेनला काही झालं का?

"दादांनी काल माझं नाव घेतलं नाही," ती म्हणाली. "सगळ्यांची घेतली. माझ्याकडे बघितलंही नाही."

"का?"

"तेच तर कळत नाही ना. तेच शोधतेय. काहीतरी केलं असणार मी."

ट्रकवाल्याला फुटपाथवर पोतं ओतायला लावणारी ही बाई. पुढच्या गुरुवारी त्याने तिचं नाव घेतलं तेव्हा ती उड्या मारायचीच बाकी होती. मग स्नेझानाबाईंची पाळी आली, मग म्हाताऱ्याची. कुणावर ऊन, कुणावर सावली, आणि का ते फक्त त्याला ठाऊक. कुणी कुणाशी काय बोललं, कोण बाहेर हसलं, कोण थकलं म्हणालं, हे त्याला कुणीतरी सांगतच असायचं. त्याला विचारावंच लागत नसे. आधी सांगणाऱ्याला ऊन मिळायचं.

आणि पैसे? सगळं गाव मला हेच विचारायचं. पैसे घेतो का? नाही. बायकांच्या मागे लागतो का? नाही. मग काय बिघडलं, गिन्का? काय बिघडलं ते मला सांगता यायचं नाही, आणि लोक म्हणायचे, हिची मैत्रीण हातची गेली म्हणून ही जळते.

उन्हाळ्यात त्याने डोंगरातल्या एका ओसाड खेड्यात मोठं घर मिळवलं. तिथली शेवटची म्हातारी वारली होती. सगळ्यांनी तिकडे जाऊन एकत्र राहायचं ठरलं. वेलिका मात्र अडली. घर बंद केलं तर प्लामेन सणाला कुठे येईल, म्हणाली. ते मी तिच्या तोंडून ऐकलं आणि मला वाटलं, आली! बाई आली ठिकाणावर!

मेतोदी स्वतः आला. दार सताड उघडं होतं आणि मी माझ्या उंबऱ्यात उभी होते, हललेच नाही. तो अजिबात चिडला नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्या हळू आवाजात म्हणाला, "राहा ना, वेलिका. इथेच राहा. ज्या घरातून तू त्सांकोला ते बोलून खाली पाठवलंस, त्या घरात."

ती पांढरीफटक पडली. आत गेली आणि बॅग घेऊन आली. बॅग आधीच भरलेली होती की दोन मिनिटांत भरली, देव जाणे. जिन्यात मी तिचा दंड धरला. "काय बोलली होतीस तू त्सांकोला?"

"त्या दिवशी नळ गळत होता," ती खालच्या पायरीकडे बघत म्हणाली. "तो दुरुस्त करायचा सोडून हा गॅरेजमध्ये निघाला. मी म्हटलं, जा, त्या गाडीखालीच मर."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. तिने ते एका गुरुवारी उठून सांगितलं होतं, सगळ्यांनी 'आम्ही ऐकलं' म्हटलं होतं, आणि त्याने तिला मिठी मारली होती. आता तेच त्याने तिच्या गळ्यात दोरीसारखं घातलं आणि हलक्या हाताने ओढलं. मी ओरडले, "अगं, नवऱ्याला असं कोण म्हणत नाही? माझ्या आईने माझ्या बापाला रोज मारलंय असं, नव्वदीला गेला तो!" पण ती उतरत गेली. खाली मेतोदीने तिच्यासाठी गाडीचं दार धरून ठेवलं होतं.

प्लामेन दर रविवारी फोन करायचा. आता तो माझ्याकडे करू लागला. त्याने खेड्यातल्या पत्त्यावर पैसे पाठवले, ते परत आले. तो पोलिसांशी बोलला. पोलीस म्हणाले, सज्ञान बाई आहे, स्वतःच्या पायाने गेली आहे, कुणी मारलेलं नाही, बांधलेलं नाही. मी दोनदा तिकडे जाऊन आले. दोन्ही वेळा स्नेझानाबाई फाटकापाशी आल्या, हसून म्हणाल्या, वेलिका कामात आहे. हिवाळा गेला, दुसरा उन्हाळाही सरत आला. त्या पोराला त्याची आई हवी होती, बस. मलाही तीच हवी होती, पण माझं काय, मी शेजारीण.

मग सप्टेंबरातली ती सकाळ. बाजारातून परत येताना मला बसथांब्यावर बायकांचा घोळका दिसला. चांभाराची बायको छातीवर क्रूस काढत होती. मला बघून ती बाजूला झाली आणि म्हणाली, "देवा रे, गिन्का, कधी झालं गं हे? एवढंसं पोर!"

काळ्या चौकटीत प्लामेन होता. सैन्याच्या वेशातला, कान बाहेर आलेले, हसणारा.

माझ्या पिशवीतले टोमॅटो रस्त्यावर घरंगळले. कुणीतरी मला बाकावर बसवलं. ग्रीसमधल्या रस्त्यांवर आमची पोरं मरतात, बांधकामावरून पडतात, असलं काय काय डोक्यात फिरू लागलं. तिला सांगायला कोण जाणार, हाच विचार पुन्हा पुन्हा येत होता. मग कुणीतरी मोठ्याने वाचलं. दफन कुठे, कधी, काही नव्हतं. नुसतं, आमच्यातून निघून गेलेला प्रिय मुलगा प्लामेन. खाली एकच नाव. आई.

मी घरी येऊन बेकरीचा नंबर फिरवला. दोनदा चुकला. तिकडे मालक ग्रीकमध्ये काहीतरी ओरडला, भांडी आपटल्याचा आवाज आला, आणि मग,

"हॅलो? गिन्कामावशी? काय झालं? आई बरी आहे ना?"

 मी म्हणाले, "तू जिवंत आहेस का रे?"

"म्हणजे? मावशी, सकाळी सकाळी राकियाची बाटली तोंडाला लावलीस की काय?"

मी त्याला सांगितलं.  पलीकडे बेकरीत कुणीतरी गाणं म्हणत होतं.

"फोटो कुठला आहे?" त्याने विचारलं.

"सैन्यातला. हसतोस त्यात."

"तो तिच्या पाकिटात असायचा," तो म्हणाला.

तो मिळेल त्या बसने आला. थांब्यावर उतरला आणि स्वतःच्याच पत्रकासमोर उभा राहिला. एक म्हातारी त्याला बघून किंचाळली. तो कागदाला हात लावेना. आमच्यात शोकपत्रक कुणी फाडत नाही, सांगितलंच मी. मी फाडलं. नखांनी खरवडून काढलं, खांबावरून, झाडावरून, आमच्या दारावरून, सगळीकडून, आणि शिव्या देत होते. बोटांतून रक्त आलं तरी थांबले नाही.

चांभाराची लाडा गाडी घेऊन आम्ही डोंगरात गेलो. वाटेत प्लामेनने तोंड उघडलं ते एकदाच. "मावशी, तो समोर आला तर मी त्याला काय करीन माहीत नाही." मी म्हटलं, "आधी आईचा हात धर, मग त्याचं थोबाड फोड. उलटं करू नकोस."

घराचं फाटक सताड उघडं होतं. कुत्रा नाही, कुलूप नाही. अंगण स्वच्छ झाडलेलं. झाडाखाली बसून बायका शेंगांतून घेवडा काढत होत्या, तो म्हातारा लाकडं फोडत होता. कुणी बोलत नव्हतं. त्यांच्यात एक वाळलेली, केस बारीक कापलेली बाई होती. ती उठली तेव्हा मला कळलं की ती वेलिका आहे.

"आई," प्लामेन म्हणाला.

तिच्या मांडीवरच्या शेंगा खाली पडल्या. तिचा हात वर आला, त्याच्या चेहऱ्याच्या उंचीपर्यंत.  मग तो हात तिथेच थांबला आणि तिने मान वळवून स्नेझानाबाईंकडे बघितलं. परवानगी मागत होती. आपल्या पोराच्या गालाला हात लावू का, म्हणून.

स्नेझानाबाईंनी काही खूण केली नाही. हात खाली आला.

"कुठे आहे तो?" प्लामेन ओरडला. "मेतोदी! बाहेर ये!" तो घरात घुसला. मी त्याच्यामागे. खोल्या नीटनेटक्या, गाद्या गुंडाळलेल्या, आणि शेवटची खोली रिकामी. पलंगावर ताणून घातलेली चादर, त्यावर हात फिरवावा तर बर्फासारखी गार. टेबलावर ताजी फुलं होती आणि एक बशी, तिच्यावर दुसरी बशी झाकलेली. आत आजचं जेवण होतं.

बाहेर येऊन त्याने विचारलं, "कुठे गेलाय?"

"दादा वसंतात गेले," म्हातारा म्हणाला. "सकाळी फाटकातून बाहेर पडले. काही बोलले नाहीत."

"कुठे?"

कुणालाच माहीत नव्हतं. काही कारणच नसेल. दुसऱ्या कुठल्या तरी गावात बसथांब्यावर उभा राहून तो पत्रकं वाचत असेल.

प्लामेन हसायला लागला, रडल्यासारखा. "म्हणजे सहा महिने इथे कोणीच नाही? मग चला की घरी! आई, चल! फाटक उघडं आहे!"

"आणि ते आले आणि आम्ही नसलो तर?" वेलिका म्हणाली. इतक्या हळू की आम्हाला पुढे वाकावं लागलं. आवाज तिचा नव्हता, त्याचा होता.

"बरं. मग मला सांग," प्लामेन म्हणाला. "तो नाही, तर माझा कागद कुणी लावायला सांगितला? हिने?" त्याने स्नेझानाबाईंकडे बोट केलं.

"नाही रे. त्यांना कशाला बोल लावतोस? कुणी नाही सांगितलं." ती समजावणीच्या सुरात बोलत होती, लहानपणी त्याला बुटाची नाडी शिकवताना बोलायची तशी. "तू फार आठवायचास. दादा म्हणायचे, जे आठवतं ते आपल्याला धरून ठेवतं. म्हणून मीच लावला. मला वाटलं, त्यांना आवडेल."

मी पुढे होऊन तिचे खांदे धरले, गदागदा हलवलं. "वेलिका! अगं सटवे, हा तुझा प्लामेन आहे! शिवी दे मला, थोबाडीत मार माझ्या, पण अशी बोलू नकोस!" ती माझ्याकडे मायेने बघत राहिली. त्या खोलीत सगळे जसे बघायचे तशी. तिच्या अंगात जोर उरला नव्हता, मी सोडलं असतं तर ती पडली असती. प्लामेनने मला बाजूला घेतलं. उचलून गाडीत घालू म्हणून त्याने तिच्या पाठीमागे हात घातला, तर ती जमिनीवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी झाडाचं मूळ धरलं. ना ओरडली, ना रडली. तो तिची बोटं एकेक करून सोडवू लागला. दोन सोडवली. मग त्याला ती मोडतील अशी भीती वाटली.

तो उठला. गुडघ्यावरची माती त्याने झटकली नाही. आम्ही फाटकाकडे निघालो. मागे शेंगा फुटण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.

आम्ही फाटकात पोचलो आणि मागून तिचा आवाज आला. आता हळू नव्हता. खणखणीत होता, मिरचीच्या ट्रकसमोर असायचा तसा.

"मला उघडायचंय."

प्लामेन थांबला. बायकांनी शेंगा खाली ठेवल्या, म्हाताऱ्याने कुऱ्हाड ठेवली, आणि सगळे तिच्याभोवती गोल उभे राहिले.

"मुलाला बघून मला आनंद झाला," ती म्हणाली.

"किती?" स्नेझानाबाईंनी विचारलं.

"खूप," वेलिका म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

"आम्ही ऐकलं," सगळे म्हणाले.